घरातून उभ्या राहिलेल्या संस्था : महाराष्ट्रातील दिव्यांग मुलांची कुटुंबे आणि आरोग्यमाहितीचा शोध

मुलाला अपंगत्व आहे असे निदान झाले की कुटुंबापुढे एकाच वेळी दोन वेगळ्या जातीचे प्रश्न उभे राहतात. पहिला प्रश्न वैद्यकाचा असतो. मुलाला नेमके काय झाले आहे, ते बरे होण्यासारखे आहे की नाही, औषध कोणते आणि शस्त्रक्रिया लागेल का, हे डॉक्टर सांगतात. दुसरा प्रश्न माहितीचा असतो. व्यायाम कोण शिकवील, तो घरी रोज कसा करवून घ्यायचा, कोणती शाळा अशा मुलाला दाखल करून घेईल, दाखला कोणत्या कचेरीतून मिळतो, खर्चाची तोंडमिळवणी कशी करायची आणि आईवडिलांच्या पश्चात या मुलाचे काय, असे अनेक प्रश्न त्या एका प्रश्नात सामावलेले असतात, आणि त्यांची उत्तरे देणे हे कोणा एकाचे काम आहे असे फार काळ कोणी मानलेच नव्हते. महाराष्ट्रातील अपंगविषयक संस्थांचा इतिहास सामान्यतः दानशूरता, वैद्यकाची प्रगती आणि कायदे या तीन अंगांनी लिहिला जातो. या दुसऱ्या प्रश्नाच्या बाजूने त्याच इतिहासाकडे पाहिले, तर असे दिसते की यांतील कितीतरी संस्था एखाद्या कुटुंबाने स्वतःच्या मुलासाठी घेतलेल्या शोधातून जन्मल्या, माहिती आधी एका घराकडून दुसऱ्या घराकडे गेली, आणि शासन व कायदा मागाहून आले. ज्या घरांना असा शोध घेण्याची ऐपत नव्हती, ती मात्र पहिल्यापासून दुसऱ्यांच्या शोधावर अवलंबून राहिली, आणि आजच्या विषमतेचे मूळ तेथेच आहे.

मोजणी आणि आश्रय

ब्रिटिश अमदानीत सरकारचा अपंगत्वाशी पहिला पद्धतशीर संबंध आला तो मोजणीच्या निमित्ताने. 1872 पासून 1931 पर्यंतच्या जनगणनांमध्ये वेडे, मुके-बहिरे, आंधळे आणि महारोगी अशा चार वर्गांची नोंद होत असे. 1941 मध्ये ती वगळण्यात आली आणि 1981 पर्यंत पुन्हा झाली नाही. या नोंदीमागे घरोघरी काही सेवा पोहोचवण्याचा हेतू नव्हता. प्रगणक दारात येई, आकडा घेई आणि निघून जाई. त्या आकड्यामागच्या घराला काय करावे हे सांगणारी यंत्रणा अस्तित्वातच नव्हती. मनोरुग्णांच्या बाबतीत 1912 चा कायदा होता, पण त्याचा रोख उपचारांपेक्षा ताब्यात घेण्याच्या रीतीवर अधिक होता: अर्ज कोणी करायचा, दंडाधिकाऱ्याने कोणता आदेश द्यायचा आणि माणसाला रुग्णालयात कसे दाखल करायचे, याची तपशीलवार तजवीज त्यात होती. रत्नागिरी, ठाणे आणि येरवडा येथील मनोरुग्णालये त्या काळातली. रुग्ण आत गेला की कुटुंब बाहेर राही, आणि घरी ठेवलेल्या रुग्णाची काळजी कशी घ्यायची याविषयी कुटुंबाला कोणी काही सांगत नसे.

आश्रयाची दुसरी धारा मिशनऱ्यांच्या आणि दानशूरांच्या शाळांची होती. 1885 च्या सुमारास मुंबईत मूकबधिरांसाठी सुरू झालेली शाळा ही देशातील अशा प्रकारची पहिली शाळा मानली जाते; 1900 मध्ये अमेरिकन मिशनच्या अॅना मिलार्ड यांनी मुंबईत अंध मुलांची शाळा काढली, 1902 मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा सुरू झाली, आणि पुण्यात 1934 मध्ये डॉ. शंकरराव माचवे यांच्या पुढाकाराने अंधशाळा उभी राहिली. या शाळांनी मुलांना लिपी दिली, हस्तव्यवसाय दिला आणि सन्मानाने जगण्याची शक्यता दिली, हे त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु त्यांची रचना मुलाला घरातून उचलून वसतिगृहात आणण्याची होती. घराला शिकवण्याचा विचार त्या रचनेत फारसा नव्हता.

मग उरलेली घरे कोणाला विचारत असत? वैद्य, हकीम, हाडवैद्य, सुईण, गावातली जाणती म्हातारी आणि शेवटी देवस्थान, हा त्यांचा सल्लागारवर्ग होता. मूल उशिरा चालू लागले तर वाट पाहावी, बोलत नसेल तर नवस बोलावा, झटके येत असतील तर अंगारा लावावा, हे सल्ले आज कालबाह्य वाटत असले तरी त्यांकडे केवळ अज्ञान म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. कारण दवाखान्यात जे मिळत नव्हते ते तेथे मिळत होते, म्हणजे कोणीतरी बसून सगळी हकिकत ऐकून घेत होते. नुकसान होई ते वेळेचे. ज्या वयात लवकर केलेल्या प्रयत्नांचा सर्वाधिक उपयोग होतो, तीच वर्षे वाट पाहण्यात निघून जात.

शोध घेणारे घर

या परिस्थितीत बदल घडला तो 1936 ते 1955 या दोन दशकांत, आणि त्याला तीन गोष्टी कारणीभूत झाल्या: समाजकार्याचे शिक्षण, दुसऱ्या महायुद्धातून आलेले पुनर्वसनाचे ज्ञान, आणि काही कुटुंबांची चिकाटी. 1936 मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही संस्था सुरू झाली, जी पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली गेली. पुढच्याच वर्षी तिने बालमार्गदर्शन केंद्र काढले. बालमार्गदर्शन म्हणजे मुलाच्या वर्तनाचा, बुद्धीचा आणि घरच्या परिस्थितीचा एकत्र विचार करून आईवडिलांना सल्ला देणे. 1946 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातील पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. या पदाचे महत्त्व सहज लक्षात येत नाही. रुग्णालयात तोवर रोगाची माहिती देणारे डॉक्टर होते आणि शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका होत्या. पण रुग्ण घरी गेल्यावर काय, पैसे कुठून, रजा कशी, कोणत्या संस्थेकडे जायचे, हे विचारायला एक खुर्ची आणि एक माणूस असावा, ही कल्पना त्या नेमणुकीने रुग्णालयाच्या भिंतीआड आणली. आज सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक या नावाने जे पद असते, त्याची परंपरा येथून सुरू होते.

कुटुंबांच्या बाजूने पाहिले तर दोन उदाहरणे मूलभूत ठरतात. त्यांतले पहिले वकील आडनावाच्या दांपत्याचे. त्यांच्या मुलीला डाउन सिंड्रोम होता, म्हणजे गुणसूत्रांतील फरकामुळे जन्मतःच येणारी बौद्धिक अक्षमता होती. तिला घेणारी शाळा नव्हती, म्हणून 1944 मध्ये मुंबईत त्यांनी स्वतःच्या घरी तिच्यासारख्या मुलांसाठी शाळा सुरू केली. तिचाच विस्तार आज जय वकील फाउंडेशन या नावाने परिचित आहे. त्याआधी 1941 मध्ये चिल्ड्रेन्स एड सोसायटीने मानखुर्द येथे बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी निवासगृह काढले होते, पण ते निराधार आणि न्यायालयामार्फत आलेल्या मुलांच्या व्यवस्थेचा भाग होते. घर असलेल्या, आईवडील असलेल्या मुलासाठी शाळा हवी, हा विचार वकील कुटुंबाच्या दिवाणखान्यातून पुढे आला.

दुसरे उदाहरण फातेमा इस्माइल यांचे आहे आणि ते थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. स्वातंत्र्य चळवळीतील गिरणीमालक उमर सोबानी यांच्या या भगिनी स्वतःही सार्वजनिक कार्यात होत्या. 1940 नंतरच्या दशकात त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील स्नायूंना चालना देणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. ताप उतरतो, पण पाय लुळा पडतो. त्या काळी लुळा अवयव प्लॅस्टरमध्ये किंवा खपच्यांत बांधून निश्चल ठेवण्याची पद्धत सर्वत्र रूढ होती, तर ऑस्ट्रेलियातील परिचारिका एलिझाबेथ केनी यांनी गरम लोकरी पट्ट्यांचा शेक आणि स्नायूंची हालचाल यांवर भर देणारी उलट पद्धत मांडली होती. कोणता मार्ग धरावा, हे सांगणारे केंद्र मुंबईत नव्हते. फातेमाबाईंनी मद्रासला डॉ. किणी यांच्याकडे मुलीचे उपचार करवले, आणि पुढे पुण्यातील लष्करी पुनर्वसन केंद्र गाठले. पुण्यात हे ज्ञान असण्याचे कारण युद्ध हे होते: जखमी सैनिकांसाठी 1944 मध्ये तेथे कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले होते, आणि खडकीचे क्वीन मेरी टेक्निकल स्कूल तर पहिल्या महायुद्धाच्या काळात, 1917 मध्ये, अपंग सैनिकांसाठी निघाले होते. सैनिकांसाठी उभे केलेले ज्ञान एका आईच्या हट्टामुळे मुलांच्या वाट्याला आले.

मुलीत सुधारणा दिसल्यावर हा शोध तेथेच संपवणे शक्य होते. फातेमाबाईंनी तो इतरांसाठी खुला केला. 1947 मध्ये त्यांनी मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी चिकित्सालय सुरू केले आणि सोसायटी फॉर द रिहॅबिलिटेशन ऑफ क्रिपल्ड चिल्ड्रेन ही संस्था स्थापन केली. हाजी अली येथे तिचे बालरुग्णालय उभे राहिले, आणि 1955 मध्ये त्याच परिसरात केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आली. 1958 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि पुढे राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली. या सगळ्या क्रमात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की राष्ट्रीय दर्जाची संस्था जेथे उभी राहिली, ती जमीन आधी एका आईने नांगरलेली होती.

याच सुमारास कमला निंबकर यांनी 1950 मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचे देशातील पहिले विद्यालय सुरू केले. मूळच्या अमेरिकन असलेल्या आणि विवाहाने निंबकर झालेल्या कमलाताईंनी हे शिक्षण फिलाडेल्फियात घेतले होते. ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे रोजच्या व्यवहारांतून केलेले उपचार: घास तोंडापर्यंत नेणे, बटण लावणे, आंघोळ, लेखन, या क्रिया माणसाला पुन्हा किंवा प्रथमच करता याव्यात म्हणून सराव, आधार आणि साधनांतील बदल यांची सांगड घालणे. कुटुंबांच्या दृष्टीने या शास्त्राचे मोल निराळे होते, कारण त्याची खरी जागा रुग्णालय नसून घर हीच असते. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून ती जाड केली तर बोटे न मिटणारे मूल स्वतः जेवू शकते; या माहितीला खर्च लागत नाही, फक्त ती सांगणारे कोणीतरी भेटावे लागते.

शाळेचा व्हरांडा

स्वातंत्र्यानंतरच्या तीन दशकांत विशेष शाळांची संख्या वाढत गेली. पुण्यात 1964 मध्ये कामायनी ही बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची संस्था सुरू झाली. 1972 मध्ये मिठू अलूर यांनी मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. त्यांची मुलगी मालिनी हिला सेरेब्रल पाल्सी होती; जन्माच्या आसपास मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवरचा ताबा बिघडतो, त्या अवस्थेला हे नाव आहे, आणि बुद्धी तल्लख असूनही बोलणे व हालचाल अवघड झाल्यामुळे अशा मुलांना त्या काळी सर्रास मतिमंद ठरवले जाई. अलूर यांना मुलीसाठी इंग्लंडला जाता आले, तेथे विशेष शिक्षणाचे शास्त्र शिकता आले, आणि परतल्यावर त्यांनी कुलाब्यात मोजक्या मुलांसह असे केंद्र उघडले जेथे शिक्षण आणि उपचार एका छताखाली मिळत. तोवर कुटुंबाला व्यायामासाठी एका दिशेला, बोलण्याच्या उपचारासाठी दुसऱ्या दिशेला आणि शाळेसाठी तिसरीकडे धावावे लागे, आणि या धावपळीत बहुतेक घरे थकून जात.

मोठ्या शहरांबाहेर हेच काम मराठी माध्यमातून करणाऱ्या घरांत नाशिकच्या रजनी लिमये यांचे घर अग्रभागी आहे. पेशाने शिक्षिका असलेल्या रजनीताईंचा मुलगा बौद्धिक अक्षमतेसह जन्मला होता. 1977 मध्ये त्यांनी नाशिकमध्ये प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी, ज्यांना ऐन तारुण्यात कमरेखाली पक्षाघात झाला होता, 1984 मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था स्थापन केली, आणि 'चाकाची खुर्ची' या त्यांच्या आत्मकथनाने अपंगत्वाचा दैनंदिन अनुभव मराठी वाचकांपर्यंत नेला. मूत्राशयावरचा ताबा गेलेल्या माणसाने दिवस कसा आखायचा, एकाच अंगावर राहून होणाऱ्या जखमा म्हणजे शय्याव्रण कसे टाळायचे, स्वच्छतागृहाचा दरवाजा किती रुंद हवा, या गोष्टी वैद्यकाच्या पुस्तकात एखाद्या ओळीत उरकल्या जातात. त्या जगलेल्या माणसाकडून कळतात तेव्हाच त्यांचा उपयोग होतो.

या शाळांनी शिक्षणाखेरीज एक दुसरे काम केले, ज्याची नोंद कोणत्याही वार्षिक अहवालात सापडणार नाही. विशेष शाळेत मुलाला सोडायला आलेली आई बहुधा घरी परतत नाही. शाळेचे तास थोडे, घर लांब आणि मूल केव्हा अस्वस्थ होईल याचा नेम नसतो. म्हणून शाळेच्या व्हरांड्यात, जिन्यात, समोरच्या झाडाखाली आयांचा घोळका बसतो. झटक्यांच्या गोळीने झोप वाढली तर डॉक्टरांना काय सांगायचे, कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारी धातूची व चामड्याची चौकट, मांडीला घासत असेल तर कोणता कारागीर ती नीट करून देतो, कोणत्या दंतवैद्याला अशा मुलाचे दात काढण्याचा संयम आहे, मुलीला पाळी आल्यावर तिला कसे शिकवायचे, सासरच्यांना काय उत्तर द्यायचे, हे सारे तेथे बोलले जाते. विशेषतः शेवटचे दोन प्रश्न दवाखान्यात विचारण्याचे धाडस फार थोड्या बायका करत. ज्ञानाची ही देवघेव पूर्णपणे तोंडी होती, मराठीत होती आणि बव्हंशी बायकांच्या हाती होती. त्यामुळे ती इतिहासात अदृश्य राहिली. तिच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. जे मूल शाळेपर्यंत पोहोचले, त्याच्याच आईला हा व्हरांडा मिळाला. जिल्ह्याच्या गावापासून दूर असलेल्या वाडीवस्तीवरचे, शेतमजुराच्या घरातले मूल शाळेपर्यंत गेलेच नाही, आणि त्याच्या आईचा एकटेपणा कोणी मोडला नाही.

'आमच्यानंतर काय?'

संयुक्त राष्ट्रसंघाने 1981 हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून पाळले आणि त्यानंतरच्या दशकात केंद्र सरकारने राष्ट्रीय संस्थांची मालिका उभी केली. 1983 मध्ये मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय श्रवण संस्था आणि 1984 मध्ये सिकंदराबादला मतिमंदांसाठीची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. दरम्यान विशेष शाळांतून बाहेर पडलेली पहिली पिढी प्रौढ झाली होती आणि त्यांचे आईवडील साठीकडे झुकले होते. एकत्र कुटुंब ओसरत चालले होते, भावंडे परगावी किंवा परदेशी गेली होती, आणि म्हणून 'आमच्यानंतर काय?' हा प्रश्न प्रत्येक पालकसभेत विचारला जाऊ लागला.

या प्रश्नाने पालकांना संघटित केले. डोंबिवलीच्या अमेय पालक संघटनेने खोणी येथे घरकुल हे प्रौढ मतिमंदांचे निवासगृह उभारले. 1994 मध्ये मुळशी तालुक्यात कोळवण परिसरात साधना व्हिलेज सुरू झाले, जेथे असे प्रौढ गावच्या जीवनात सामावून एकत्र राहतात. 1995 मध्ये देशभरातील पालकसंघांचा परिवार हा महासंघ स्थापन झाला. पालकसंघ म्हणजे संस्थेने भरवलेली पालकसभा नव्हे. सभेत पालक ऐकायला येतात. संघात ते स्वतः ठरवतात, मागणी करतात आणि दुसऱ्याला सांगतात.

1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा हे या संघटित प्रयत्नांचे फळ होय. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार अवस्थांतील माणसे अठरा वर्षांची झाल्यावर कायद्याने सज्ञान होतात, पण बँकेचे खाते, मालमत्ता किंवा शस्त्रक्रियेची संमती यांसाठी त्यांना आधार लागतो. अशा वेळी पालकत्व, म्हणजे त्यांच्या वतीने निर्णय घेण्याचा कायदेशीर अधिकार, कोणाला द्यायचा हे ठरवण्यासाठी या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती नेमण्याची तरतूद केली. समितीत जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असते. न्यासाच्या मंडळावर पालकसंघटनांनाही जागा मिळाली. याच न्यासाची निरामय ही आरोग्यविमा योजना एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते, आणि सर्वसाधारण विमा ज्याकडे पाठ फिरवतो तो बाह्यरुग्ण उपचारांचा व थेरपीचा खर्च तिच्या कक्षेत येतो. ही योजना कुटुंबांच्या अनुभवातून घडली आहे, हे तिच्या तरतुदींवरून कळते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचा खरा खर्च रुग्णालयातील खाटेचा नसून वर्षानुवर्षे चालणाऱ्या थेरपीचा आहे, हे पालकांखेरीज कोण सांगणार होते?

मनोविकाराचे मौन

शारीरिक अपंगत्वाविषयी लोक निदान दया दाखवत. मनोविकाराविषयी मात्र घरे मौन पाळत, कारण बहिणीचे लग्न, भावाची नोकरी आणि कुळाचे नाव या सगळ्यांवर त्याची छाया पडत असे. मराठी समाजात हे मौन मोडण्याच्या प्रयत्नांत डॉ. जगन्नाथ वाणी यांचे स्थान महत्त्वाचे आहे. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात तो हा आजार; त्यात विचार, भावना आणि वास्तवाचे भान यांची एकवाक्यता बिघडते, भास होतात, संशय घेरतो. कॅनडात कुटुंबांना जो आधार मिळतो तो मायदेशी मिळत नाही, या जाणिवेतून त्यांनी 1997 मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था स्थापन केली. संस्थेच्या कामाचा गाभा स्वमदत गट हा होता: आजाराचा अनुभव असलेली माणसे आणि त्यांची काळजी घेणारे नातेवाईक नियमितपणे एकत्र बसतात, औषध बंद केल्यावर काय झाले, रात्री जागरण कसे निभावले, राग कसा आवरला, हे एकमेकांना सांगतात. पुण्यातील अशा गटांत आजारातून जाणाऱ्याला शुभार्थी आणि काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणण्याची रीत रुजली.

वाणी यांच्या पुढाकाराने निर्माण झालेला, सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांनी दिग्दर्शित केलेला 'देवराई' हा चित्रपट 2004 मध्ये आला. कोकणातला एक बुद्धिमान तरुण हळूहळू स्किझोफ्रेनियाच्या विळख्यात सापडतो आणि त्याची बहीण त्याला समजून घेण्यासाठी झगडते, अशी त्याची कथा. माहितीच्या इतिहासात या चित्रपटाला जागा द्यावी लागते, कारण ज्या घरांनी कधी पत्रक वाचले नसते किंवा व्याख्यानाला जाण्याचे धाडस केले नसते, त्यांना त्याने एका नावाची ओळख करून दिली. आपल्या घरातल्या माणसाला जे होते आहे ते भूतबाधा नव्हे, आळस नव्हे, संस्कारांची उणीव नव्हे, तर उपचार असलेला आजार आहे, हे कळण्यानेच अनेक घरांचा शोध सुरू होऊ शकतो.

कायदा आणि खिडकी

1995 च्या अपंग व्यक्ती कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार मान्य केले होते. भारताने 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला अनुमोदन दिल्यानंतर आलेल्या 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते एकवीस केले आणि दयेऐवजी हक्काची परिभाषा आणली. 2013 च्या फेब्रुवारीत तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. अंगणवाडीत आणि शाळेत जाऊन वैद्यकीय पथकाने जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करायची, आणि जन्मजात दोष किंवा विकासातील विलंब आढळल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचे, अशी त्याची आखणी आहे. विकासातील विलंब म्हणजे मान धरणे, बसणे, बोलणे हे टप्पे अपेक्षित वयात न येणे. मूल शोधत दवाखाना दारात येण्याची ही व्यवस्था, जनगणनेच्या प्रगणकानंतर तब्बल एकशे चाळीस वर्षांनी आली. फरक इतकाच की हिच्याकडे आकड्यापलीकडे देण्यासारखे काही आहे, आणि हा फरक फार मोठा आहे.

तरीही हक्क आणि घर यांच्यामध्ये एक खिडकी उभी आहे. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 63 हजार अपंग व्यक्ती होत्या. त्यांतील प्रत्येकाला दाखला हवा, कारण 1980 पासून चालत आलेले संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान, एसटीची सवलत, शिष्यवृत्ती आणि आरक्षण या सगळ्यांचे दार दाखल्यानेच उघडते, आणि बहुतेक लाभांसाठी अपंगत्व किमान 40 टक्के असावे लागते. जिल्हा रुग्णालयात ठरलेल्या वाराला तपासणी मंडळ बसते, त्या दिवशीचे आवार पाहिले म्हणजे या व्यवस्थेचे बळ आणि दुबळेपण दोन्ही कळतात. पहाटेच्या एसटीने निघालेले बाप मोठ्या मुलांना पाठुंगळीला घेऊन आलेले असतात. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत आधारकार्ड, शिधापत्रिका, जुने केसपेपर आणि फोटो असतात. एखादा कागद कमी पडतो आणि पुढच्या वाराची तारीख मिळते. अर्ज आता ऑनलाइन भरता येतो, पण तो भरून देणाऱ्या केंद्रचालकाला कोणता प्रकार निवडायचा हे ठाऊक असतेच असे नाही. त्या रांगेत नेमकी माहिती कोणाकडे असते? बहुधा ती मागच्या खेपेला परत गेलेल्या दुसऱ्या एखाद्या बापाकडे असते, आणि तो ती शेजारच्याला न मागता देतो.

इतिहासाचा निष्कर्ष

या सगळ्या इतिहासातून एक सूत्र वारंवार हाती लागते. बाल पुनर्वसनाचे रुग्णालय, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची शाळा, सेरेब्रल पाल्सीचे केंद्र, प्रौढांचे निवासगृह, स्किझोफ्रेनियाचा स्वमदत गट, यांतील प्रत्येकाच्या मुळाशी एखादे घर आहे ज्याने स्वतःसाठी उत्तर शोधले आणि ते स्वतःपुरते ठेवले नाही. ही उदारता महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील फार मोलाची गोष्ट आहे आणि तिची नोंद समाजसुधारणेच्या परंपरेत व्हायला हवी. परंतु या घरांची दुसरी समानताही नजरेआड करता येत नाही. त्यांच्यापैकी कोणाकडे मद्रासला किंवा लंडनला जाण्याची सोय होती, कोणाला इंग्रजी येत होते, कोणाची अधिकाऱ्यांशी ओळख होती, कोणाला शिक्षकाचा पेशा होता. शोध घेण्याची ही साधने ज्यांच्याकडे नव्हती त्यांची मुले काही कमी लाडकी नव्हती. त्यांच्या आयांनी देवळाच्या पायऱ्या झिजवल्या, कारण त्यांना ठाऊक असलेला तोच एक पत्ता होता.

म्हणून योजनांची संख्या वाढवणे एवढ्याने हा प्रश्न सुटणार नाही, कारण कुटुंबाला आधी योजना लागत नाही, माणूस लागतो. निदानानंतरच्या पहिल्या आठवड्यात जो माणूस आईवडिलांशी त्यांच्या भाषेत तासभर बोलतो, पुढची वाट दाखवतो आणि आपला फोन नंबर देतो, त्याच्यावर त्या मुलाचे पुढचे आयुष्य मोठ्या प्रमाणात अवलंबून असते, आणि हे काम अनुभवी पालक सर्वांत चांगले करतात याचा पुरावा पाऊणशे वर्षांच्या इतिहासात पानोपानी आहे. प्रत्येक जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात अशा प्रशिक्षित पालकाची मानधनावर नेमणूक करणे, समाजसेवा अधीक्षकांची रिकामी पदे भरणे, आशा सेविकेला तालुक्यातील थेरपिस्ट, शाळा आणि पालकसंघ यांची अद्ययावत यादी देणे, आणि घरी करायच्या उपचारांची पुस्तिका सोप्या मराठीत व आदिवासी भागांत तेथल्या बोलीत छापणे, यांपैकी कोणतीही गोष्ट शासनाच्या आवाक्याबाहेरची नाही. फातेमा इस्माइल आणि रजनी लिमये यांनी जे स्वखुशीने केले ते करण्याची आता शासनावर कायद्याने जबाबदारी आहे. 1947 मध्ये मुलाचे भवितव्य आईच्या ऐपतीवर ठरत होते, याला इतिहास म्हणता येईल. आजही ते तसेच ठरत असेल, तर तो अन्याय आहे आणि तो दूर करता येण्यासारखा आहे.